वाचक विचारतात: यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम – ग्रंथ कोणते, पंथ कुठून आले?

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी या तीन धर्मांच्या ग्रंथांविषयी आणि पंथांविषयी होती. ती एकत्र घेतली आहेत. सारखे प्रश्न एकात मिळवले आहेत.

मी नववीला इतिहास शिकवते. फळ्यावर तीन ओळी लिहिते: यहुदी–तोरा–सिनेगॉग–शनिवार, ख्रिस्ती–बायबल–चर्च–रविवार, इस्लाम–कुराण–मशीद–शुक्रवार. एका मुलीने विचारलं, “म्हणजे तिघांचं सगळं सारखंच, नावं तेवढी वेगळी?” तिला काय सांगू?
– शिक्षिका, सातारा

मुलीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. प्रार्थनास्थळापुरता तुमचा तक्ता चालेल. वाराच्या रकान्यात एक दुरुस्ती हवी: यहुद्यांचा शनिवार हा विश्रांतीचा दिवस आहे, मुस्लिमांचा शुक्रवार सामुदायिक नमाजाचा. त्या दिवशी काम बंद ठेवायची सक्ती नाही. खरी अडचण ग्रंथाच्या रकान्यात आहे, कारण तिथे तीन वेगळ्या जातीच्या वस्तू एका ओळीत बसल्या आहेत.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं: उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. यहुदी शास्त्राचा हा पहिला आणि सर्वांत मानाचा भाग; सगळं शास्त्र नव्हे. सगळ्याला तनाख म्हणतात. तोरा, नवीईम म्हणजे संदेष्टे आणि केतुवीम म्हणजे इतर लेख, या तिघांच्या आद्याक्षरांचा तो शब्द. बायबल हा एक ग्रंथ दिसतो खरा, पण ते कपाट आहे. शेकडो वर्षांत, अनेक हातांनी, हिब्रू, थोड्या अरामी आणि ग्रीक भाषेत लिहिलेली पुस्तकं त्यात एकत्र बांधलेली आहेत. कुराण मुस्लिम श्रद्धेनुसार एकाच प्रेषितावर, मुहम्मद पैगंबरांवर, इ.स. ६१० ते ६३२ या सुमारे २३ वर्षांत अरबीत उतरलं.

त्याहून महत्त्वाचा फरक पुढे आहे. ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा ‘शब्द’ देहधारी झाला तो येशूच्या रूपाने. बायबल त्याची साक्ष देतं. मुस्लिम श्रद्धेत देवाचा शब्द म्हणजे कुराणच. तेव्हा जोडी लावायचीच तर कुराणासमोर येशू येतो. येशूचं बोलणं-वागणं सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या शुभवर्तमानांसमोर त्यातल्या त्यात हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी) आणि पैगंबरांची चरित्रं येतात. हे कळलं की बाकीचं आपोआप सुटतं. मराठीतलं बायबल हे बायबलच, चर्चमध्ये तेच वाचतात. कुराणाचं मराठी भाषांतर मात्र ‘अर्थ’ मानला जातो, नमाजात अरबीच म्हटलं जातं. सिनेगॉगमधल्या गुंडाळीवरची तोराही हिब्रूतच असते. चर्मपत्रावर, टाकाने, स्वरचिन्हं आणि विरामचिन्हं न घालता ती लिहितात. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरं असतात, आणि एखादं अक्षर गळालेलं किंवा झिजलेलं आढळलं तर दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनासाठी वापरत नाहीत.

तक्त्यात दोन रकाने वाढवा. पहिला ‘शास्त्रासोबत काय वाचतात’: यहुद्यांचा तालमूद (नियमांवरच्या चर्चांचा संग्रह), ख्रिस्ती लोकांची श्रद्धासूत्रं (त्यातलं नायसीन श्रद्धासूत्र इ.स. ३२५ च्या परिषदेतून आलं), मुस्लिमांची हदीस. दुसरा ‘फूट मुख्यतः कशावरून पडली’: यहुद्यांत नियम कसा पाळायचा यावरून, ख्रिस्ती लोकांत येशू नेमका कोण आणि शेवटचा शब्द कोणाचा यावरून, इस्लाममध्ये पैगंबरांनंतर नेतृत्व कोणाकडे यावरून. खालचे बहुतेक प्रश्न या दुसऱ्या रकान्यातलेच आहेत.

घरात दोन मराठी बायबलं आहेत. एकात ६६ पुस्तकं, दुसऱ्यात ७३. अपुरं कोणतं?
– वाचक, वसई

दोन्ही आपापल्या परंपरेत पुरी आहेत. ६६ चं प्रोटेस्टंट, ७३ चं कॅथलिक. नव्या करारात काही फरक नाही. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स सगळ्यांकडे तीच २७ पुस्तकं: ४ शुभवर्तमानं, प्रेषितांची कृत्ये, २१ पत्रं आणि प्रकटीकरण. फरक जुन्या करारात आहे, आणि तिथे यहुद्यांचा हिशेबही सोबत घेतला तरच नीट कळतो.

यहुदी तनाखात २४ पुस्तकं: तोराची ५, संदेष्ट्यांची ८, इतर ११. प्रोटेस्टंट जुन्या करारात ३९. मजकूर तोच, मोजणी वेगळी. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे दोन-दोन भाग केले, तीन वाढली. एज्रा आणि नहेम्या वेगळे केले, एक वाढलं. होशेयापासून मलाखीपर्यंतचे बारा लहान संदेष्टे यहुदी एकच पुस्तक धरतात, ख्रिस्ती बारा, म्हणजे अकरा वाढली. २४ अधिक १५ झाले ३९.

कॅथलिकांकडे आणखी सात: तोबीत, यहूदीथ, मक्काबींची दोन पुस्तकं, ज्ञानग्रंथ, बेन सिराक आणि बारूख. ३९ अधिक ७ म्हणजे ४६, त्यात २७ मिळवले की ७३. ही सात पुस्तकं सेप्टुअजिंट या जुन्या ग्रीक भाषांतरात होती आणि आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या हाती तेच भाषांतर होतं. हिब्रू तनाखात मात्र ती नव्हती. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात ती काढून टाकली नाहीत. जुन्या-नव्या कराराच्या मध्ये वेगळी ठेवली, वाचायला चांगली पण शास्त्राच्या तोडीची नव्हेत असं म्हणून. पुढे प्रोटेस्टंट छपाईतून ती गळाली. कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ती शास्त्रच आहेत असं ठामपणे जाहीर केलं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये याहूनही काही जास्त, आणि इथिओपियाच्या चर्चची परंपरागत संख्या ८१.

मुखपृष्ठ फाटलेली प्रत हाती आली तर दानीएलचं पुस्तक उघडा. १२ अध्याय असतील तर प्रोटेस्टंट, १४ असतील तर कॅथलिक. शेवटच्या दोन अध्यायांत सुसान्नेची आणि बेल दैवताची गोष्ट असते.

क्रमाकडेही लक्ष द्या, कारण क्रम बदलला की सूर बदलतो. तनाखाचा शेवट इतिहासाच्या पुस्तकाने होतो: पारसाचा राजा कोरेश यहुद्यांना यरुशलेमेला परत जायची मुभा देतो. तुमच्या ६६ पुस्तकांच्या प्रतीत जुना करार मलाखीवर संपतो, एलीया पुन्हा पाठवला जाईल या वचनावर, आणि पान उलटलं की मत्तय सुरू. पहिला शेवट घराकडे पाहतो, दुसरा येणाऱ्याची वाट पाहतो. एक सूचना: ‘जुना करार’ हे नाव ख्रिस्ती आहे. यहुदी माणसाशी बोलताना तनाख म्हणा.

वडिलांच्या स्मरणपत्रिकेवर “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे – स्तोत्र २२” असं छापलं. सगळे म्हणतात २३ हवं होतं. जुन्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकात मात्र २२ च आहे. छापखान्याची चूक का?
– वाचक, नागपूर

चूक कोणाचीच नाही. हिब्रूतली ९ वी आणि १० वी स्तोत्रं ग्रीक भाषांतरात एकच धरली गेली, तिथून आकडा एकाने मागे पडला. ग्रीकवरून व्हल्गेट या लॅटिन भाषांतरात आणि तिथून जुन्या कॅथलिक पुस्तकांत तोच क्रम उतरला. पुढे आणखी काही जोड-तोड होते आणि १४८ पासून आकडे पुन्हा जुळतात. १ ते ८ आणि १४८ ते १५० सगळीकडे सारखी. मधल्या बहुतेक स्तोत्रांत एकाचा फरक. आता नवी कॅथलिक भाषांतरंही हिब्रू क्रम घेतात आणि जुना आकडा कंसात देतात. पत्रिकेवर छापताना २३ घाला, वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती तीच प्रत असेल.

असाच आणि जास्त गोंधळ घालणारा प्रकार दहा आज्ञांचा. ‘सहावी आज्ञा’ म्हणजे यहुदी आणि बहुतेक प्रोटेस्टंटांसाठी ‘खून करू नको’, कॅथलिक आणि लूथरन लोकांसाठी ‘व्यभिचार करू नको’. मजकुरावर आकडे लिहिलेले नाहीत, ते प्रत्येकाने आपापले घातले. यहुदी ‘मी तुझा देव परमेश्वर आहे’ हीच पहिली धरतात. कॅथलिक अन्य देव नकोत आणि मूर्ती नकोत या दोन्ही एकात घेतात, आणि दहाची भरती करायला शेवटच्या ‘लोभ धरू नको’चे दोन भाग करतात: शेजाऱ्याची बायको नववी, त्याची मालमत्ता दहावी. प्रोटेस्टंट अन्य देव पहिली, मूर्ती दुसरी, लोभ सगळा मिळून दहावी. म्हणून प्रश्नमंजूषेत ‘अमुकवी आज्ञा कोणती’ असं कधीही विचारू नये. कुराणात अशी दहांची यादी नाही, पण सहाव्या आणि सतराव्या सूरेत (अध्यायात) याच वळणाचे आदेश सलग येतात.

पुण्यात आमच्या सोसायटीत केरळची चार ख्रिस्ती कुटुंबं आहेत. चौघंही स्वतःला ‘सिरियन’ म्हणतात आणि चार वेगळ्या चर्चमध्ये जातात. हे कॅथलिक का प्रोटेस्टंट?
– वाचक, पुणे

‘सिरियन’ हे पंथाचं नाव नाही. त्यांच्या उपासनेची मूळ भाषा सुरयानी, म्हणून ते नाव. केरळात हे लोक पोर्तुगीज येण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून आहेत. पोर्तुगिजांनी त्यांना रोमच्या शिस्तीत आणायचा प्रयत्न केला, त्याविरुद्ध १६५३ मध्ये मट्टनचेरीला क्रुसाला दोर बांधून शपथ घेतली गेली आणि तिथून वाटा फुटल्या. सीरो-मलबार हे पोपना मानणारे, म्हणजे कॅथलिकच, उपासनापद्धत मात्र पौर्वात्य. मुंबई-पुण्याकडच्या त्यांच्या लोकांसाठी कल्याणला १९८८ पासून वेगळा धर्मप्रांत आहे. मलंकारा ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट पोपना मानत नाहीत. हे दोघे एकाच मुळाचे, वाद एवढाच की सर्वोच्च कोण, कोट्टयमचे कॅथॉलिकोस की अँटिओकचे पॅट्रिआर्क. मार्थोमा हे एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी झालेले. एखाद्याचं चर्च ओळखायचं असेल तर ‘तुमचे प्रमुख कोण?’ हा एक प्रश्न पुरतो.

मोठ्या फुटी तीन. कॅल्सेडनची परिषद, ४५१: येशूचं देवपण आणि माणूसपण शब्दांत कसं मांडायचं यावर इजिप्त, आर्मेनिया, सिरियातली चर्च वेगळी झाली. १०५४: रोम आणि कॉन्स्टँटिनोपल दुरावले. १५१७: लूथरपासून प्रोटेस्टंट वेगळे होऊ लागले. प्रोटेस्टंटांच्या पुढे अनेक शाखा झाल्या, पण सगळा इतिहास फुटीचाच नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन वगैरे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट त्यात आले नाहीत, म्हणून महाराष्ट्रातल्या गावांत आजही त्यांची वेगळी पाटी दिसते.

अलिबाग भागातल्या बेने इस्राएल लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ते ऑर्थोडॉक्स यहुदी का रिफॉर्म? आणि तालमूद हे त्यांचं शास्त्र आहे का?
– वाचक, अलिबाग

ऑर्थोडॉक्स आणि रिफॉर्म ही विभागणी एकोणिसाव्या शतकात जर्मनीत जन्मली. बेने इस्राएल त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात तेलाचे घाणे चालवत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवत होते. तेव्हा मूळ अर्थाने ते दोन्ही नाहीत. पुढे मुंबईत त्यांच्यात दोन्ही धारा आल्या. बहुतेक सिनेगॉग पारंपरिक सेफार्दी रिवाजाने चालणारी. १९२५ मध्ये ज्युईश रिलिजस युनियन स्थापन झाली आणि तिचं रोडेफ शालोम हे रिफॉर्म धर्तीचं. फरक आत शिरताच दिसतो: पारंपरिक सिनेगॉगमध्ये बायका वेगळ्या बसतात, रिफॉर्ममध्ये सगळे एकत्र. रिफॉर्म मंडळींत स्त्रिया रब्बी (धर्मगुरू) होतात, शनिवारी गाडी चालवणं निषिद्ध मानत नाहीत. या दोहोंच्या मधली वाट काँझर्व्हेटिव्ह पंथाची. अश्केनाझी, सेफार्दी, बगदादी हे पंथ नव्हेत, त्या प्रदेशानुसारच्या रीती आहेत. ही गल्लत वर्तमानपत्रांतही नेहमी होते.

आता तालमूद. तोरा म्हणते, शब्बाथाला (शनिवारच्या विश्रांतीदिवशी) काम करू नका. पण काम म्हणजे काय? पेरणी कळते. गाठ मारणं? दिवा विझवणं? हे तोरात सविस्तर नाही. ही चर्चा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालली आणि इ.स. २०० च्या सुमारास यहूदा हानासी यांनी ती मिश्ना या नावाने संकलित केली: ६ विभाग, ६३ प्रकरणग्रंथ. त्यात निषिद्ध कामांची यादी ‘चाळीसला एक कमी’ अशी दिली आहे, म्हणजे ३९. मिश्नावर पुन्हा तीनेक शतकं वाद-चर्चा झाली ती गमारा. दोन्ही मिळून तालमूद. दुसरं उदाहरण स्वयंपाकघरातलं. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे वाक्य तोरात तीनदा येतं. त्या एका वाक्यातून मांस आणि दूध एकत्र न खाणं, त्यांची भांडी वेगळी ठेवणं, मांसानंतर काही वेळ दूध न घेणं हा सगळा आचार तालमुदी परंपरेने उभा केला.

तालमुदाचं छापील पान एकदा बघाच. मधे मोठ्या अक्षरांत मिश्ना-गमारा, बांधणीच्या बाजूला अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या रब्बींची टीका, बाहेरच्या बाजूला त्यांच्या नंतरच्या पंडितांचे आक्षेप. एकाच पानावर हजार वर्षांतली माणसं एकमेकांशी भांडताना दिसतात, आणि हरलेल्या बाजूचं मतही पुसलेलं नाही. आम्हाला या परंपरेतलं हे सर्वांत मोलाचं वाटतं. रोज एक पत्र (दोन्ही बाजूंचं पान) वाचलं तर बॅबिलोनी तालमुदाची २,७११ पत्रं संपायला सुमारे साडेसात वर्षं लागतात. करैत नावाचा यहुदी पंथ तालमूद मुळीच मानत नाही, फक्त तनाख मानतो.

कोकणातल्या बेने इस्राएलांकडे सुरुवातीच्या शतकांत तालमूद पोचलाच नव्हता. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम, ‘शमा’ ही प्रार्थना एवढं त्यांनी जपलं. एलीया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा आणि फळं घालून मलिदा करायची प्रथा तर खास त्यांचीच. पण तालमुदी घटस्फोटाचे कायदे माहीत नसल्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमधल्या रब्बींनी त्यांच्या विवाहांवर शंका काढल्या. बेने इस्राएलांनी तिथे निदर्शनं केली आणि १९६४ मध्ये त्यांना सर्वार्थाने यहुदी मानण्यात आलं. ग्रंथातल्या एका थराचा माणसाच्या लग्नावर केवढा परिणाम होतो, ते इथे दिसतं. तोवर त्यांनी मराठीत आपलं धार्मिक वाङ्मय उभं केलं होतं. वल्हांडणाच्या (इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या) रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्येच मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली.

मी चिपळूणचा. आमच्याकडचे मुस्लिम शेजारी खेकडे आवडीने खातात. मालेगावचा मुस्लिम मित्र म्हणतो खेकडा चालत नाही. दोघंही सुन्नी. मग खरं कोण?
– वाचक, चिपळूण

आपापल्या जागी दोघंही. सुन्नींमध्ये कायद्याच्या चार परंपरा आहेत, त्यांना मसलक किंवा मजहब म्हणतात. हनफी (अबू हनीफा, निधन ७६७), मालिकी (मालिक, ७९५), शाफई (७६७ ला जन्मलेले इमाम शाफई, ८२० ला वारले) आणि हंबली (८५५). कुराण आणि हदीस एकच. त्यातून नियम काढायची पद्धत वेगळी. उत्तर हिंदुस्थानातून आलेली आणि दख्खनमधली वस्ती बहुतेक हनफी. कोकणी मुस्लिम शाफई, कारण इथे इस्लाम अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रमार्गे आला. भटकळ, मलबार, श्रीलंका, इंडोनेशिया ही सगळी किनारपट्टी शाफईच आहे. समुद्रातलं बहुतेक सगळं खाणं शाफई मतात चालतं. हनफी मतात फक्त मासे. कोळंबी मासा मानायची की नाही, यावर हनफींतच दोन मतं आहेत. खेकड्यावर वाद नाही, तो नाहीच.

नमाजातही फरक दिसतो. रुकूला वाकताना आणि उठताना शाफई पुन्हा हात उचलतात, हनफी फक्त सुरुवातीला. शाफई पहाटेच्या नमाजात उभ्याने कुनूतची दुआ म्हणतात. अस्रची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची, वेळही वेगळी. दुपारची मूळ सावली वगळून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की शाफई अस्र सुरू, दुप्पट झाली की हनफी. महाराष्ट्रात हा फरक जवळपास तासाभराचा पडतो. म्हणून काही वेळापत्रकांत अस्रच्या दोन वेळा असतात. दोघं एकमेकांमागे उभे राहून नमाज पढतात, त्यात अडचण नाही.

देवबंदी आणि बरेलवी हा भेद याहून निराळा. दोघंही हनफीच. त्यांचा वाद दर्गे, उरूस, पैगंबरांविषयीच्या काही समजुती यांवर आहे. अहले हदीस मंडळी चारांपैकी कोणत्याच परंपरेला बांधून घेत नाहीत.

बोहरा आणि खोजा लोकांचं कुराण वेगळं असतं का?
– वाचक, मुंबई

नाही. शिया-सुन्नी सगळ्यांचं कुराण एकच, ११४ सूरांचं. भेंडी बाजारातल्या रौदत ताहेरा या बोहऱ्यांच्या मकबऱ्यात आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेलं आहे, ते हेच.

वेगळेपण दोन ठिकाणी. हदीसचे संग्रह वेगळे: सुन्नींचे सहा, त्यात बुखारी आणि मुस्लिम या नावांच्या संकलकांचे सर्वांत मान्य, बारा इमाम मानणाऱ्या शियांचे चार, त्यात अल-काफी प्रमुख. आणि इमाम, म्हणजे पैगंबरांनंतरचा धर्मप्रमुख कोण ते. ६३२ मध्ये पैगंबर वारल्यावर नेतृत्व त्यांचे चुलतभाऊ आणि जावई अलींकडेच जायला हवं होतं असं शिया मानतात. ६८० मध्ये करबलाला अलींचे पुत्र हुसैन मारले गेले आणि हा वाद दुःखाच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला. ७६५ मध्ये इमाम जाफर सादिक वारल्यावर त्यांचे पुत्र मूसा काझिम यांना मानणारे पुढे इस्ना अशरी (बारा इमामवाले) झाले, दुसरे पुत्र इस्माईल यांची शाखा मानणारे इस्माईली. १०९४ मध्ये कैरोत फातिमी खलिफा मुस्तनसिर वारले तेव्हा इस्माईलींतही दोन वाटा झाल्या: निझार यांच्या बाजूचे आजचे आगाखानी खोजे, मुस्तअली यांच्या बाजूचे बोहरा. आगाखानींचा इमाम हयात आणि प्रकट असतो. बोहऱ्यांच्या मते इमाम पडद्याआड आहेत आणि त्यांच्या वतीने दाई हे धर्मगुरू काम पाहतात.

‘खोजा’ ही जमात आहे, पंथ नव्हे. १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आगाखानांचा अधिकार मान्य केल्यावर काही खोजे वेगळे झाले, त्यामुळे आज खोजा माणूस इस्माईली, इस्ना अशरी किंवा सुन्नीही असू शकतो. बोहऱ्यांचा रमजान एखाद-दोन दिवस आधी सुरू होतो, कारण त्यांची दिनदर्शिका गणिताने ठरलेली आहे, चंद्र दिसायची वाट पाहत नाहीत.

‘कुराण ४:१५७’ असा संदर्भ वाचला. एका प्रतीत तो सापडला, दुसऱ्या भाषांतरात तोच मजकूर १५८ ला. आणि आयती एकूण ६२३६ का ६६६६?
– वाचक, कोल्हापूर

पहिला आकडा सूरेचा असतो, पाऱ्याचा नव्हे. बहुतेक जण इथेच चुकतात. तीस पारे हे महिनाभरात वाचून व्हावं म्हणून केलेले समान तुकडे आहेत. चौथा पारा तिसऱ्या सूरेच्या मध्येच सुरू होतो. भारतात छापलेल्या प्रतीत समासात ع हे अरबी अक्षर दिसतं. ती रुकूची, म्हणजे परिच्छेदाची, खूण. तिच्या वरचा आकडा सूरेतला कितवा रुकू ते सांगतो, मधला त्या रुकूत आयती (वचनं) किती, खालचा पाऱ्यातला कितवा.

एकाचा फरक पडला त्याचं कारण बिस्मिल्ला, म्हणजे ‘अल्लाहच्या नावाने’ हे सूरेच्या आरंभीचं वाक्य. अहमदिया पंथाच्या प्रती प्रत्येक सूरेच्या आरंभीची बिस्मिल्ला पहिली आयत मोजतात, त्यामुळे पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. नववी सूरा अपवाद, तिच्या आरंभी बिस्मिल्ला नाहीच. ६२३६ ही कूफा शहराच्या परंपरेतली मोजणी आणि आज बहुतेक छापील प्रतींत तीच आढळते. ६६६६ तोंडोतोंडी पसरलेला आकडा आहे, मोजून पाहिलं तर भरत नाही.

तुम्ही बायबल वाचलेलं असेल आणि कुराण पहिल्यांदाच हाती घेणार असाल तर पहिल्या पानापासून सुरू करू नका. सूरा काळाच्या क्रमाने नाहीत, साधारणपणे लांबीच्या उतरत्या क्रमाने आहेत. दुसऱ्याच सूरेत २८६ आयतींचं मदिनेतलं कायदेकानूंचं जाळं समोर येतं. बारावी, यूसुफची सूरा आधी वाचा. उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायापासून शेवटपर्यंत सांगितलेली योसेफाची कथा तिथे सलग आहे. मग एकोणिसावी, मरियमची. अब्राहाम म्हणजे इब्राहीम, मोशे म्हणजे मूसा, दावीद म्हणजे दाऊद, येशू म्हणजे ईसा हे ध्यानात ठेवा. आणि गोष्ट कुठे वळते ते पाहा. उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात बळी द्यायला नेलेला मुलगा इसहाक आहे. कुराणाच्या ३७ व्या सूरेत मुलाचं नाव नाही, बहुतेक मुस्लिम परंपरा तो इस्माईल मानते. तुम्ही विचारलेली ४:१५७ हा तर सर्वांत मोठा फाटा: येशूला क्रुसावर मारलं गेलं नाही असं ती सांगते, आणि नव्या कराराचा सगळा डोलारा त्याच मरणावर उभा आहे.

आजोबांच्या माळ्यावर जुन्या पुस्तकांत फाटकं कुराण, एक मराठी बायबल आणि हिब्रू अक्षरांचं एक पुस्तक निघालं. रद्दीत घालवत नाही. काय करावं?
– वाचक, पेण

कुराणाची पानं स्वच्छ कापडात गुंडाळून, पाय पडणार नाही अशा जागी पुरण्याची रीत आहे. बऱ्याच मशिदींत अशा पानांसाठी पेटी असते, तिथे दिलंत तर ते पुढचं बघतात.

हिब्रू पुस्तकात देवाचं चार अक्षरी नाव असेल तर यहुदी ते नष्ट करत नाहीत. गनीझा म्हणजे जुन्या लिखाणाच्या कोठीत ठेवतात आणि पुढे दफनभूमीत पुरतात. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या अशाच कोठीतून लाखो तुकडे निघाले आणि मध्ययुगीन व्यापाराचा इतिहास त्यांवरून लिहिला गेला. त्यात भारताशी चाललेल्या व्यापाराची पत्रंही आहेत. तुमच्या पुस्तकात हिब्रूसोबत मराठी मजकूर असेल आणि छपाई एकोणिसाव्या शतकातली असेल, तर पुरायला देऊ नका. आधी सिनेगॉगच्या विश्वस्तांना आणि एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाला दाखवा.

बायबलसाठी प्रोटेस्टंटांत ठरलेला विधी नाही. कॅथलिक घरातलं आशीर्वादित पुस्तक असेल तर जाळून राख पुरतात किंवा तसंच पुरतात. त्याआधी पुढची-मागची कोरी पानं आणि जुन्या-नव्या कराराच्या मधली पानं नीट बघा. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या तारखा घरोघरी तिथेच लिहून ठेवत. त्या पानांचे फोटो काढून घ्या. शाई फिकी पडली असेल तर खिडकीशी तिरप्या उजेडात धरा, अक्षरं दिसतात.